जोडीदाराच्या हिंसेवरील गुन्हेमालिका पाहून बायका सावध होतात का?

प्रश्न असा आला आहे : "आमच्या घरी आई आणि वहिनी रोज रात्री जेवणे आटोपली की नवरा-बायकोतील किंवा प्रेमसंबंधांतील खुनांवरच्या मालिका पाहतात. वहिनी म्हणते, यातून बाईला शहाणपण येते. भाऊ म्हणतो, डोकी बिघडतात, आणि आता तर बायकाच नवऱ्यांना मारायला लागल्या आहेत. माझी मुलगी कॉलेजात आहे, ती मोबाइलवर असेच परदेशी माहितीपट पाहते. आपण या क्षेत्रात काम केले आहे. या कार्यक्रमांमुळे बायका खरोखर सावध होतात का?"

थेट उत्तर आधी देते. सावध होतात, पण फार उशिराच्या टप्प्याबद्दल. मारेकरी पुरावा कसा लपवतो आणि पोलीस त्याला कसे गाठतात, हे त्यांना नीट कळते. ज्या घरात पुढे असे काही घडण्याचा धोका आहे, ते घर त्याच्या दोन-चार वर्षे आधी कसे दिसते, हे मात्र कळत नाही, कारण तो काळ पडद्यावर जवळजवळ येतच नाही. रक्तपात दाखवतात म्हणून या कार्यक्रमांवर टीका होते आणि ती योग्यच आहे, पण माझ्या मते त्यांचा मोठा दोष वेगळा आहे : ते गोष्ट चुकीच्या ठिकाणी सुरू करतात.

मी पोलीस ठाण्यातील महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात समुपदेशक म्हणून काम केले आहे. हा उपक्रम 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्र शासनाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. पोलीस यंत्रणेच्या आवारात एक खोली आणि तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या, अशी त्याची साधी रचना आहे. आलेल्या बाईचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग पोलीस, न्यायालय, रुग्णालय, निवारा यांपैकी जे लागेल ते तिच्या संमतीने पुढे न्यायचे, हे आमचे काम. त्या खोलीत एक वाक्य वारंवार कानावर पडते : "टीव्हीत दाखवतात तसा नाही हो तो." सांगणारी बाई खोटे बोलत नसते आणि नवऱ्याला पाठीशीही घालत नसते. तिने पाहिलेला मारेकरी पहिल्या दृश्यापासून संशयास्पद संगीतासह वावरतो. तिचा नवरा मात्र सकाळी मुलांना शाळेत सोडतो, सासूच्या औषधपाण्याचे पाहतो, गणपतीत वर्गणी गोळा करतो. पडद्यावरच्या मापाने मोजले तर तिच्या घरात काहीच घडत नाही, म्हणून तीही गप्प बसते आणि माहेरचेही "थोडं सांभाळून घे" म्हणतात.

तरीही आपल्या वहिनींचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. अमँडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या अमेरिकन संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की खऱ्या गुन्ह्यांच्या कथांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक ओढल्या जातात, आणि त्यातही बळी पडलेली व्यक्ती सुटण्यासाठी काय करते हे ज्या कथेत सांगितले असेल ती त्यांना अधिक हवीशी वाटते. म्हणजे रात्री दहा वाजता ओट्यावरचे आवरून टीव्हीसमोर बसणाऱ्या बाईला नुसता थरार नको असतो. आपल्यावर वेळ आली तर काय करायचे, याचे उत्तर ती शोधत असते. तिची गरज रास्त आहे. तिला मिळणारे उत्तर अपुरे आहे, ही माझी तक्रार आहे.

असा एखादा भाग घड्याळ लावून पाहा. लग्न किंवा प्रेम, मग एक-दोन भांडणे, मग एक संशय, मग खून, आणि त्यानंतर उरलेला बहुतेक वेळ पोलीस तपासाचा : मोबाइलचे लोकेशन, सीसीटीव्ही, शेजाऱ्यांचे जबाब, शेवटी कबुली. सोनीवरचे 'क्राइम पेट्रोल' 2003 पासून आणि त्यानंतर आलेले 'सावधान इंडिया' याच साच्यात घडत गेले, आणि मराठी वाहिन्यांवरच्या पोलीस मालिकांनीही तपासालाच नायकाचे स्थान दिले. तपास रंजक असतो, हे मला मान्य आहे. परंतु ज्या चार-सहा वर्षांत त्या बाईला वाचवता आले असते, ती वर्षे दोन-तीन मिनिटांच्या गाण्यात किंवा एका कानफटात संपतात.

त्या वर्षांत प्रत्यक्षात काय असते? लग्नानंतर काही महिन्यांतच तिचा पगार त्याच्या खात्यात जाऊ लागतो. मोबाइलचा पासवर्ड मागितला जातो, मग रोजचे कॉल तपासले जातात. माहेरी जायचे तर आधी एक दिवस राहायची परवानगी, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत, मग "मी सोबत येईन तेव्हाच". मैत्रिणींची नावे एकेक करून गळत जातात. मारहाण कधी असते, कधी नसते, पण प्रत्येक मारहाणीनंतर क्षमायाचना असते, रडणे असते, कधी नवी साडीही असते. अमेरिकन अभ्यासक इव्हान स्टार्क यांनी आयुष्यभर हेच मांडले की अशा नात्यांत मारहाण हा एक भाग असतो आणि खरा गाभा असतो तो एका माणसाने दुसऱ्याचे रोजचे जगणे ताब्यात घेण्याचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने असे सततचे नियंत्रण हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. आपल्याकडचा 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही या बाबतीत पुष्कळ पुढारलेला आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक अशा सगळ्या छळाचा समावेश आहे, स्त्रीधन काढून घेणे किंवा घरखर्चाला पैसे न देणे हेही त्यात बसते, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या, लग्न न झालेल्या स्त्रीलाही त्याचे संरक्षण आहे. रोज रात्री खून पाहणाऱ्या किती जणींना हे कोणत्या मालिकेने सांगितले?

ही मूठभर घरांची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत 18 ते 49 वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या केवळ 14 टक्के निघाल्या, आणि 77 टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती व कोणाला सांगितलेही नव्हते. पोलीस तपासावर बेतलेली मालिका या 77 टक्क्यांपर्यंत पोहोचूच शकत नाही, कारण त्यांच्या घरी पोलीस कधी आलेलेच नसतात.

आता एक खूण जरा जवळून दाखवते, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. ती म्हणजे गळा दाबणे. पडद्यावर गळा दाबला की बाई मरते, म्हणून गळा दाबूनही जी जिवंत राहिली तिच्या दृष्टीने "तसं काही झालं नाही". कक्षात आलेल्या स्त्रिया हा शब्द स्वतःहून उच्चारत नाहीत. त्या म्हणतात, "मानेला धरलं", "भिंतीला दाबून धरलं", "उशी ठेवली होती थोडा वेळ", "ओरडू नये म्हणून धरलं". म्हणून आम्हाला विचारावे लागते. त्यानंतर आवाज बसला होता का? गिळताना दुखत होते का? डोळ्यांसमोर अंधारी आली का, मधले काही आठवत नाही असे झाले का? कपड्यांत लघवी झाली का? डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके आले होते का? या शेवटच्या प्रश्नाला "हो, दोन दिवस डोळा लाल होता, मला वाटलं डोळे आलेत" असे उत्तर देणारी बाई मरणाच्या दारातून परत आलेली असते, आणि ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळते. गळ्यातील रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते, आणि तरीही बऱ्याचदा त्वचेवर वळ उमटत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. म्हणून अशा स्त्रीला आधी रुग्णालयात पाठवायचे असते, मग जबाब.

ही खूण इतकी महत्त्वाची का? नॅन्सी ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन अभ्यासात असे आढळले की जोडीदाराने पूर्वी एकदा गळा दाबलेला असेल, तर त्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक वाढते. इंग्लंडमध्ये गळा दाबणे हा जून 2022 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळे कलम नाही. प्रसंग गंभीर असेल तर खुनाचा प्रयत्न म्हणून गुन्हा नोंदवता येतो, पण वळ दिसत नाही म्हणून ठाण्यात "साधी दुखापत" मानून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतली जाते आणि बाईच्या हातात कागदाची प्रत देऊन तिला घरी पाठवले जाते, हे माझ्या अनुभवाचे आहे.

या सगळ्याचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत वेदनादायक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, फक्त त्यातला महत्त्वाचा भाग लक्षात राहिलेला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीतील एका खुनाचे प्रकरण उघडकीस आले. मृत तरुणी वसईची होती आणि तिच्यासोबत राहणाऱ्या जोडीदारावर खुनाचा आरोप ठेवला गेला. खटला न्यायालयात आहे, म्हणून आरोपीबद्दल मी काही म्हणणार नाही, आणि तिचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण तिच्या नावाचा पुरेसा बाजार झाला आहे. फ्रिज, तुकडे, जंगल, नार्को चाचणी हे शब्द महिनोन्‌महिने वाहिन्यांवर घुमत राहिले. आरोपपत्रातला मजकूर दाखवायचा सपाटा असा होता की एप्रिल 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तो वृत्तवाहिन्यांवर दाखवण्यास मनाई करावी लागली. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये एका लोकप्रिय गुन्हेमालिकेच्या भागाचे या प्रकरणाशी साम्य असल्यावरून गदारोळ झाला. तो गदारोळ पात्रांच्या नावांवरून आणि धर्मावरून होता. वाहिनीने तो भाग मागे घेतला आणि विषय मिटला.

आता जे बाजूला राहिले ते पाहा. या तरुणीने 23 नोव्हेंबर 2020 रोजी नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. आपला जोडीदार सहा महिन्यांपासून मारहाण करतो, आज त्याने श्वास कोंडून मारण्याचा प्रयत्न केला, मारून तुकडे करून फेकून देण्याची धमकी देतो, त्या भीतीने आजवर पोलिसांकडे यायचे धाडस झाले नाही, त्याच्या आईवडिलांना हे माहीत आहे, आणि आपल्याला काही इजा झाली तर ती त्याच्याकडूनच झाली असे समजावे, असा त्या कागदाचा आशय होता. पुढच्या महिन्यात, आता आमच्यात वाद उरलेला नाही असे तिने लिहून दिले आणि प्रकरण बंद झाले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिचा मृत्यू 18 मे 2022 रोजी झाला. मधे जवळजवळ दीड वर्ष होते.

माझ्यासारखीने तो कागद वाचला की त्यात धोक्याच्या मोठ्या खुणांपैकी निदान तीन एकाच पानावर दिसतात : गळ्यावर किंवा श्वासावर हल्ला, ठार मारण्याची स्पष्ट धमकी, आणि "हा मला मारेल" अशी तिची स्वतःची खात्री. चौथी खूण म्हणजे नंतर तक्रार मागे घेणे. तक्रार मागे घेतली याचा अर्थ धोका टळला असा कधीच धरायचा नसतो. कोणासोबत आली होती, कोणाच्या समोर लिहून दिले, सध्या कुठे राहते, स्वतःजवळ पैसे आणि फोन आहे का, एवढे तिला एकटीला बसवून विचारायचे असते आणि पुढचे काही महिने ठरावीक दिवसांनी फोन करायचा असतो. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. राज्य शासनाने मात्र डिसेंबर 2022 मध्ये आंतरधर्मीय विवाह केलेल्या जोडप्यांबाबत समन्वय समिती नेमली. मला हे फार चुकीचे वाटले आणि आजही वाटते. त्या मुलीने धर्माबद्दल तक्रार केलीच नव्हती. तिने मारहाणीबद्दल आणि जिवाच्या भीतीबद्दल केली होती, आणि समिती नेमायचीच होती तर मागे घेतलेल्या तक्रारींचे पुढे काय होते हे पाहणारी नेमायला हवी होती. वाहिन्यांनी जी गोष्ट सांगितली त्यातून जसा बोध निघाला, तशीच कृती झाली.

आपली मुलगी परदेशी माहितीपट पाहते म्हणून एक उदाहरण तिकडचे देते, कारण त्यातून या प्रकाराची चांगली बाजूही दिसते. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या मोॲब गावाजवळ पोलिसांनी एक व्हॅन थांबवली. एका पुरुषाने तरुणीला थापड मारल्याचे पाहून कोणीतरी पोलिसांना फोन केला होता. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात पुढचा सगळा प्रसंग टिपला गेला. 22 वर्षांची ती तरुणी रडते आहे, आपलाच स्वभाव वाईट आहे, आपणच आधी हात उचलला असे सांगते आहे, आणि त्याने मारले का असे विचारल्यावर आधी कचरते, मग त्याने चेहरा कसा धरला ते हाताने दाखवते. तिचा जोडीदार शांत आहे, हसून बोलतो आहे, त्याच्या अंगावर ओरखडे आहेत. पोलिसांनी तिलाच मुख्य हल्लेखोर मानले, दोघांना एका रात्रीपुरते वेगळे केले आणि सोडून दिले. 19 सप्टेंबरला तिचा मृतदेह वायोमिंगच्या जंगलात सापडला. गळा दाबल्याने मृत्यू झाला होता. जोडीदाराने नंतर आत्महत्या केली आणि त्याच्या वहीत खुनाची कबुली मिळाली.

त्या चित्रीकरणावर पुढे पुष्कळ कार्यक्रम झाले, त्यांतले काही उथळ होते. पण मूळ चित्रीकरण मी प्रशिक्षणात दाखवण्यासारखे मानते, कारण त्यात नाट्यरूपांतर नाही आणि संशयास्पद संगीतही नाही. छळ सोसणारी स्त्री गोंधळलेली, चिडलेली, स्वतःवर दोष घेणारी दिसते आणि छळ करणारा माणूस समंजस दिसतो, हे त्यात जसेच्या तसे आहे. आमच्या खोलीत हेच दृश्य रोज घडते : नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, कागदपत्रांची फाइल घेऊन, "मॅडम, तिला जरा समजावून सांगा" म्हणत येतो आणि बायको तोंडातून शब्द फुटत नाही म्हणून रडत बसते. जो अधिक नीटनेटके बोलतो त्याचे खरे मानण्याची चूक पोलीस करतात, नातेवाईक करतात. त्या तरुणीच्या कुटुंबाने पाठपुरावा केल्यावर युटा राज्याने 2023 साली कायदा करून जोडीदाराच्या हिंसेच्या प्रसंगी पोलिसांनी जिवाच्या धोक्याचे ठरावीक प्रश्न विचारणे बंधनकारक केले. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधकांनी 1980 च्या दशकात धोका मोजण्याचे जे साधन तयार केले, त्याच परंपरेतले हे प्रश्न आहेत : शस्त्र वापरले आहे का, मारून टाकण्याची धमकी दिली आहे का, तो तुला मारेल असे तुला वाटते का, कधी गळा दाबला आहे का, सतत संशय घेतो किंवा दिवसभर काय करायचे ते ठरवतो का, तू नुकतीच वेगळी झाली आहेस का, त्याने आत्महत्येची धमकी दिली किंवा प्रयत्न केला आहे का, तो तुझ्या मागावर असतो का. एका कार्यक्रमाने लोकांना अस्वस्थ केले आणि त्यातून प्रश्नांची ही यादी पोलिसाच्या खिशात पोहोचली, असे होऊ शकते.

आपल्या भावाच्या म्हणण्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मार्च 2025 मध्ये मेरठला एका विवाहित पुरुषाच्या आणि मे 2025 मध्ये मेघालयात एका नवविवाहित पुरुषाच्या खुनाच्या ज्या घटना घडल्या, त्यांत पत्नी आरोपी आहेत आणि खटले चालू आहेत. गेलेला जीव हा गेलेला जीव आहे. त्या मुलांच्या आईवडिलांचे दुःख कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु टीव्हीवर किती तास दाखवले यावरून प्रत्यक्षात किती घडते हे मोजता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2023 साली जगभरात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबातल्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या, म्हणजे रोज सरासरी 140. खून झालेल्या स्त्रियांपैकी 60 टक्के अशा प्रकारे घरच्याच माणसाकडून मारल्या गेल्या होत्या. खून झालेल्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण सुमारे 12 टक्के होते. दुर्मीळ घटना बातमी होते आणि रोजची घटना बातमी होत नाही, हा वृत्तव्यवसायाचा स्वभाव आहे, आणि गुन्हेमालिका विषय तिथूनच उचलतात. पुरुषावर घरात अत्याचार होत असेल तर त्यानेही जरूर बोलावे. आमच्याकडे आलेल्या अशा पुरुषांचे आम्ही ऐकून घेतले आहे आणि त्यांना योग्य ठिकाणी पाठवले आहे.

आणखी एक गोष्ट, जी घराबाहेर सहसा बोलली जात नाही. हे कार्यक्रम छळ करणारा माणूसही पाहतो, कित्येकदा त्याच सोफ्यावर, तिच्याच शेजारी बसून. "बघितलंस ना, तुझंही असंच करीन" हे वाक्य कितीतरी जणींनी मला सांगितले आहे, आणि 2022 च्या त्या प्रकरणानंतर त्यात फ्रिजचा उल्लेख येऊ लागला. अशी धमकी हसत हसत दिली असेल तरी ती धमकीच आहे. ती तारीख-वेळेसह कुठेतरी लिहून ठेवावी, शक्यतो घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे, आणि संदेशातून आली असेल तर त्याची प्रत त्या विश्वासातल्या माणसाला पाठवून आपल्या फोनवरून काढून टाकावी. 2005 च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा जो अहवाल भरतात, त्यात अशा नोंदी फार उपयोगी पडतात.

मालिकांनी पसरवलेला एक समज तर जिवावर बेतू शकतो. शेवटच्या दृश्यात सूत्रधार सांगतो, "त्रास होत असेल तर लगेच त्या नात्यातून बाहेर पडा." सल्ला ऐकायला बरोबर वाटतो. परंतु सोडून जाण्याचा निर्णय जाहीर करणे आणि त्यानंतरचे काही महिने हाच सर्वांत धोकादायक काळ असतो. कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या, अमेरिकेतील अकरा शहरांत केलेल्या अभ्यासातही हे ठळकपणे दिसले : नियंत्रण करणाऱ्या जोडीदारापासून वेगळे होणे हा खुनाचा धोका वाढवणारा घटक होता. याचा अर्थ बाईने तिथेच राहावे असा मुळीच नाही. निघायचे ते तयारीने, आणि निघण्यापूर्वी त्याला सांगायचे नाही. आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे कागद, दागिन्यांच्या पावत्या, औषधे आणि थोडी रोख रक्कम आधीच दुसरीकडे ठेवायची. जायचे कुठे ते ठरलेले हवे, आणि ते ठिकाण त्याला सहज सुचेल असे नको. न्यायालयाकडून 2005 च्या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश घेता येतो, तातडी असेल तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश मिळू शकतो, आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेशही याच कायद्यात आहे. म्हणजे दर वेळी बाईनेच घर सोडायला हवे असे नाही, हेही मालिकेत कोणी सांगत नाही.

तेव्हा आपल्या घरात टीव्ही बंद करा असे मी म्हणणार नाही. बंद केल्याने आई आणि वहिनी दोघींची एकत्र बसण्याची वेळ तेवढी जाईल. भाग संपल्यावर पाच मिनिटे बोला. खून झाला त्याच्या वर्षभर आधी काय दिसत होते, कोणाला दिसत होते, त्यांनी काय केले, एवढेच विचारा. माझ्या अनुभवात अशा गप्पांतूनच एखादी वहिनी, एखादी मावशी सहज बोलल्यासारखे स्वतःचे काही सांगून जाते. त्या वेळी "मग तू गप्प का बसलीस?" असे म्हणू नये. "हे मला सांगितलंस ते बरं केलंस, तुला आत्ता भीती वाटते का?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

मुलीशी बोलताना माहितीपटातल्या मारेकऱ्याबद्दल न बोलता तिच्या वयाच्या मुलींच्या नात्यांबद्दल बोला. लोकेशन सतत चालू ठेवायला लावणे, सोशल मीडियाचा पासवर्ड मागणे, फोन उचलला नाही म्हणून वीस मिस्ड कॉल, "तू सोडून गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन" असे म्हणणे, खासगी फोटोंची भीती घालणे, या गोष्टींना तिच्या पिढीत अनेकदा प्रेमाची खोली समजले जाते. तिने अशा मुलाबद्दल सांगितले तर लगेच फोन काढून घेऊ नका आणि कॉलेज बंद करू नका. घरच्यांनी तोंड फिरवले की मुलगी एकटी पडते आणि एकटी पडलेली मुलगी त्याच्याच हातात जाते. वसईच्या त्या तरुणीच्या बाबतीतही नात्यावरून घरच्यांशी अंतर पडले होते, हे विसरू नये.

मदतीचे मार्गही सांगते. लगेच जिवाचा धोका असेल तर 112. सल्ला, निवारा किंवा संरक्षण अधिकाऱ्याशी गाठ हवी असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते. प्रत्येक जिल्ह्यात केंद्राच्या योजनेतील सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे वैद्यकीय, कायदेशीर आणि तात्पुरत्या निवासाची सोय एकाच ठिकाणी मिळते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 च्या सुमारास सुरू झालेला 'दिलासा' विभाग आता महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही आहे, आणि नवऱ्यासमोर पोलीस ठाण्याची पायरी चढणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी दवाखान्याचे निमित्त फार सोयीचे पडते. जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष कक्ष कुठे आहे हे पोलीस अधीक्षक कार्यालयात कळते. तिथे येण्यासाठी तक्रार ठरवून यावे लागत नाही, कोणाला घेऊन यावे लागत नाही, आणि त्याच दिवशी काही लिहून द्यावे असेही बंधन नसते.